एक छटा गडद

१

चोरी उघडकीला आली ती भर बाजारात, एका दुकानाच्या काचेसमोर. चोरीचा माल आत दिमाखात टांगलेला होता आणि वरून त्याच्यावर दिवेही सोडलेले होते.

माल म्हणजे एक रंग होता, डाळिंबी. मालकीणबाईंच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात तो नुकताच तयार झाला होता आणि अजून एकाही व्यापाऱ्याने पाहिलेला नव्हता. इथे पलीकडच्या कारखान्याने त्याचे तागेच्या तागे विकायला काढले होते. या धंद्यात हंगामाचा नवा रंग जो आधी आणेल त्याचा, आणि मागून येणारा नकलाकार. मालकीणबाई आपल्याच रंगाच्या नकलाकार ठरल्या होत्या. त्यांचा स्वभाव पाहता त्यांनी ती काच फोडली नाही हेच पुष्कळ झालं.

त्या तडक कारखान्यात आल्या आणि त्यांनी वायरबाईला बोलावणं धाडलं.

वायरबाईचं खरं नाव पगारापुरतं. नोकरीला लागली तेव्हा पहिले काही दिवस ती टेबलांखाली रांगत वायरी ओढत होती, तेव्हापासून ती वायरबाई. कारखान्यातले संगणक, त्यांना जोडणारं जाळं आणि त्या जाळ्याची राखण हे सगळं तिच्याकडे होतं.

"आपला डाळिंबी त्यांच्या काचेत लागलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "तिथे जरा गडद दिसतो, पण दिवे तसले असतील. रंग आपलाच. आता मला सांग, आपल्या संगणकांवर मागची धाड पडली त्यानंतर तू काय म्हणाली होतीस? जाळं साफ आहे म्हणून?"

"म्हणाले होते."

"आजही तेच म्हणशील?"

"आज सकाळीच सगळे संगणक तपासलेत. हो, म्हणेन."

"मग चोर माणूस आहे. रंगाची कृती मास्तर बसवतात. तयार तुकडा व्यापाऱ्यांना दाखवायला मामांकडे जातो. मामा माझा सख्खा भाऊ. उरले मास्तर."

कारखान्याचे रंगमास्तर हे वायरबाईचे सासरे होते. ज्या माणसाने तिला या नोकरीत आणलं, ज्याच्या शब्दावर तिला पहिली संधी मिळाली, तो माणूस तिच्याच शब्दावर चोर ठरत होता. जाळं साफ असेल तर बाबा चोर, आणि बाबा सच्चे असतील तर तिने छातीठोकपणे दिलेली ग्वाही खोटी.

"मामा तुमचे भाऊ, तसे मास्तर माझे सासरे," ती म्हणाली. "नात्यावरच सोडायचं असेल तर दोघांनाही सोडा. नाहीतर दोघांना एकाच तराजूत घाला. माझ्या जाळ्यालाही घाला."

मालकीणबाईंना उलट बोललेलं खपत नसे, पण उलट बोलणारं माणूस मात्र आवडे. "घाल," त्या म्हणाल्या. "पुढचा रंग शेवाळी. तोही बाहेर गेला आणि तुला दुसरा कोणी सापडला नाही, तर मास्तर घरी बसतील."

२

त्या जाळ्यावर आजवर दोनदा धाड पडली होती.

पहिली धाड पोरखेळच होता. एका सकाळी सगळ्या पडद्यांवर एक दात विचकणारं तोंड आलं आणि छपाईयंत्र कोऱ्या कागदांचा ढीग ओकायला लागलं. लोक हसले. वायरबाईने सगळे संगणक पुसून पुन्हा मांडले. दुसऱ्या धाडीला कोणी हसलं नाही. तेव्हा सगळ्या फायलींना कुलपं लागली आणि किल्ली हवी असेल तर पैसे टाका, असा मजकूर आला. मालकीणबाईंनी पैसे टाकले नाहीत. वायरबाईने बाजूला ठेवलेल्या प्रतींवरून काम पुन्हा उभं केलं, परवलीचे शब्द बदलले आणि ग्वाही दिली. त्यानंतर सगळं शांत होतं, आणि त्या शांततेवर तिची गाढ श्रद्धा बसली होती.

आता तिने सापळा लावला. त्यात हुशारी फारशी नव्हती, कडूपणा मात्र होता. शेवाळीची मास्तरांनी बसवलेली कृती खरी. कार्यालयातल्या संगणकावर तिने तीच कृती निळ्याचा हात थोडा वाढवून ठेवली. आणि मामांना द्यायचा तुकडा मालकीणबाईंनी स्वतः रंगवला, थोडा पिवळ्याकडे झुकलेला. लहान असताना त्या वडिलांच्या हाताखाली हेच शिकल्या होत्या. पलीकडच्यांचा शेवाळी निळसर निघाला तर दोष जाळ्याचा, पिवळसर निघाला तर मामांचा, आणि हुबेहूब निघाला तर मास्तरांचा.

तुकडा देण्याच्या निमित्ताने ती मामांच्या खोलीत गेली. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे. गोड बोलून विटलेलं कापडसुद्धा खपवतील, अशी त्यांची ख्याती होती.

"मामा, पलीकडच्या कारखान्याचे विक्रीवाले आणि तुम्ही बऱ्याचदा एका टेबलावर दिसता."

मामांचा हात चहाच्या कपावरच थांबला. "कोणी सांगितलं?"

"मीच पाहिलंय. चहाचे पैसे दर वेळी ते देतात."

"वायरबाई, तू वायरी सांभाळ," मामा म्हणाले. आवाजातला गोडवा पार आटला होता. "आणि हे ताईच्या कानावर गेलं तर तुझे सासरे अजून खड्ड्यात जातील एवढं ध्यानात ठेव."

ती बाहेर आली तेव्हा मामा दाराला आतून कडी घालत होते.

३

नमुनाखोलीत मास्तर पाठमोरे उभे होते. त्यांच्यापुढे रंगमापक होता, शिलाईयंत्राएवढा एक बोजड डबा. झाकण उघडून त्यात कापडाचा तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं, आत उजेड पडतो आणि यंत्र रंग मोजून त्याची कृती सांगतं. मग मास्तर ती आपल्या डोळ्यांनी सुधारतात, कारण यंत्रावर त्यांचा विश्वास होता तो पाहुण्यावर असतो तेवढाच.

"सून म्हणून आलीस की फौजदार म्हणून?" त्यांनी न वळता विचारलं.

"दोन्ही."

"मग उभी राहा. नुसती सून असतीस तर बस म्हटलं असतं."

ती उभी राहिली. "बाबा, कृती तुम्ही कोणाला सांगता?"

"मी उत्तर देणार नाही. इतकी वर्षं माझ्या हाताला लागलेले रंग बघून कोणाला कळत नसेल, तर तोंडाने सांगून काय कळणार? चोर म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. सफाई द्यायला मी काही गुन्हा केलेला नाही."

बोलता बोलता त्यांनी भांड्यातून शेवाळीचा आणखी एक तुकडा काढला, पिळला आणि ओलाच यंत्रात ठेवला. उजेड लखलखला. मास्तरांनी आकडे पाहिले, नाक मुरडलं आणि ते पुसून टाकले. मग तुकडा वाळवला, गार होऊ दिला आणि पुन्हा मोजला.

"ओला कशाला मोजलात?"

"हे काय चौकशीत बसतं होय?" मास्तर पहिल्यांदाच थोडे हसले. "सवय आहे. ओल्यावरून वाळलेला कसा निघेल ते मी आधी मनाशी ठरवतो, मग यंत्राला विचारतो. अजून तरी मी हरलो नाही."

वायरबाई यंत्राच्या मागच्या बाजूला गेली. तिथून एक वायर भिंतीत, तिच्या जाळ्यात शिरत होती. तिच्याशेजारी बोटाएवढी काळी दांडी उभी होती आणि खाली लाल सील होतं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीखेरीज कोणी ते उघडायचं नाही, अशी अट होती. दांडीच्या बुडाशी एक हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"हे काय?"

"कंपनीवाले लांबूनच दुरुस्ती करतात म्हणे. तुला ठाऊक असेल. मला रंग कळतात, दिवे नाही."

तेवढ्यात मालकीणबाईंची हाक आली आणि ती गेली.

४

काही आठवड्यांनी पलीकडच्यांचा शेवाळी काचेत लागला.

मालकीणबाईंनी वारभर कापड विकत आणवलं आणि नमुनाखोलीतल्या दिव्याखाली पसरलं. त्याच्या शेजारी वायरबाईने आपले तिन्ही तुकडे मांडले. निळसर जुळला नाही. पिवळसर जुळला नाही. आणि खरा, मास्तरांचा, तोही जुळला नाही. चोरीचा शेवाळी त्याच वळणाचा होता, ना निळ्याकडे ना पिवळ्याकडे, फक्त एक छटा गडद.

मालकीणबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी बोट खऱ्या तुकड्यावर ठेवलं. "वळण याचंच आहे. ओळखू येऊ नये म्हणून गडद केलाय. असं फक्त रंगाऱ्याला सुचतं."

"बाई, जरा थांबा."

"थांबलेच होते ना? तुझ्याच सापळ्यात सापडलेत."

त्या थेट रंगखात्यात गेल्या. वाफेने भरलेल्या त्या दालनात सगळे कामगार पाहत असताना त्यांनी मास्तरांकडे हात पुढे केला आणि नमुनाखोलीच्या किल्ल्या मागितल्या. मास्तरांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या, त्यांच्या हातावर ठेवल्या आणि पायात चपला सरकवल्या. जाताना सुनेकडे त्यांनी पाहिलं, तेव्हा तिलाच खाली बघावं लागलं.

कारण त्या दुपारी तिच्या मनात आलं होतं. बाबांनीच केलं असेल तर? हे मनात आल्याची तिला लाज वाटली, पण आलं होतं हे खरं.

मामा जिन्यात तिची वाट पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मास्तरांऐवजी मलाच काढतील असं वाटलं होतं," ते म्हणाले. "ऐक, ताईला सांगू नकोस. मी पलीकडे नोकरी मागत होतो. इथे दर वर्षी काहीतरी बुडतंय म्हणून म्हटलं, आपलं बघावं. पण तुकडा नाही दिला मी. त्यांना नकोच होता. ते म्हणाले, मामा, तुमचा माल आम्हाला कापड रंगण्याआधीच मिळतो."

"कापड रंगण्याआधी?"

"हो, हसून म्हणाले. एक दलाल कृती विकतो म्हणे. त्याला कोणी पाहिलेलं नाही, सगळं फोनवर चालतं."

तुकडा फिरायच्या आधी, फाइल तयार व्हायच्याही आधी. वायरबाई जिन्यावरच बसली. रंग गडद का करेल कोणी? चोराला लपायचंच असतं तर त्याने रंग काचेत कशाला लावला असता?

मग ती उठली आणि धावतच वर नमुनाखोलीत गेली. मालकीणबाई तिथेच बसल्या होत्या.

५

"मला पाण्याचा पेला द्या," ती मालकीणबाईंना म्हणाली.

"तहान लागली असेल तर बाहेर माठ आहे."

तिने टेबलावरचा त्यांचाच पेला उचलला, मास्तरांचा खरा तुकडा त्यात बुडवला, पिळला आणि दिव्याखाली चोरीच्या कापडाला कडेला कड लावून ठेवला. दोन्ही रंग एकमेकांत विरघळून गेले होते. कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नव्हतं.

"ओलं कापड गडद दिसतं, हे धुणं वाळत घालणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे," वायरबाई म्हणाली. "बाबा प्रत्येक नवा तुकडा आधी ओला मोजतात. स्वतःशी पैज म्हणून. मी डोळ्यांनी पाहिलंय. ते आकडे ते तिथल्या तिथे पुसतात. कोणाला सांगत नाहीत, फाइलमध्ये घालत नाहीत. पलीकडच्यांनी जे रंगवलंय ते त्या आकड्यांवरून. डाळिंबीही तुम्हाला गडद वाटला होता, आठवतं?"

"मग आकडे मास्तरांनाच ठाऊक होते. तेच सिद्ध होतंय की."

"उलट आहे. बाबा चोर असते तर ओल्याचे आकडे विकले असते का? शिकाऊ रंगारीसुद्धा त्यावरून रंग बसवणार नाही. चोराला एवढंही कळत नाही की पहिला आकडा फेकायचा असतो. त्याने पहिला उचलला आणि दुसऱ्याला पडताळणी समजला. म्हणजे चोराला रंगातलं ओ की ठो कळत नाही, पण आकडे मात्र ते पुसले जाण्याआधी त्याच्या हातात पडतात. असा या कारखान्यात एकच आहे."

"कोण?"

"रंगमापक."

मालकीणबाई हसल्या, पण फार नाही. "तो काय संगणक आहे?"

"त्याच्या पोटात आहे. पहिल्या धाडीनंतर मी तुम्हाला विचारलं होतं, हाही पुसू का. तुम्ही म्हणालात, सील तुटलं तर कंपनी दुरुस्ती करणार नाही, हात लावू नकोस. दुसऱ्या वेळी मी विचारलंसुद्धा नाही. तो हिशेबातूनच गेला. माझ्याही आणि तुमच्याही. मी सगळं जाळं साफ म्हणाले तेव्हा त्या डब्याला वगळून म्हणाले होते, आणि हे मला स्वतःलाच कळलं नव्हतं."

तिने खणातला चिमटा काढला. मालकीणबाई म्हणाल्या, "सील तोडू नकोस. आधी कंपनीला विचारू." वायरबाईने त्यांच्याकडे पाहत पाहत सील तोडलं.

आतला संगणक जुना होता, धुळीने माखलेला. तिने आपला पडदा त्याला जोडला आणि दुपार उलटेपर्यंत ती तिथून हलली नाही. शेवटी तिने मालकीणबाईंना एक वाळलेला तुकडा मोजायला सांगितला. यंत्रातला उजेड लखलखला, आणि त्याच क्षणी पाठीमागच्या काळ्या दांडीतून त्या आकड्यांची बारीकशी चिठ्ठी बाहेर, कारखान्याच्या जाळ्याला न शिवता, कुठच्या कुठे निघून गेली. पडद्यावर ती जाताना स्पष्ट दिसली.

"या दांडीत स्वतःचं सिमकार्ड आहे," वायरबाई म्हणाली. "कंपनीने दुरुस्तीसाठी ठेवलेलं मागचं दार. मी पुढच्या दाराला कुलपं लावत बसले, आणि हा मागून ये-जा करत होता. आणि हे बघा. दात विचकणारं ते तोंड अजून इथे आहे. फायलींना कुलपं लावणारंही इथेच आहे. तिघं वेगळे नव्हते, बाई. दर वेळी आपण खोल्या झाडल्या आणि हा माळ्यावर बसून राहिला. पहिल्यांदा त्याने खोडी काढून पाहिली. मग दमदाटी केली. त्याने भागलं नाही तेव्हा तो गप्प राहून काम करायला शिकला. आपण त्या गप्प राहण्याला साफ म्हणत होतो."

मालकीणबाई खुर्चीत बसल्या. बाहेर रंगखात्यात मास्तरांच्या जागी कोणीच उभं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी दोन गोष्टी मागितल्या.

"मास्तरांना घरी निरोप दे. म्हणावं, गैरसमज झाला, उद्यापासून या. आणि व्यापाऱ्यांना पाठवायला दोन ओळी लिहून दे की आमचं जाळं आता पूर्ण साफ आहे, यापुढे असं होणार नाही."

"दोन्ही होणार नाही," वायरबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"किल्ल्या तुम्ही सगळ्यांसमोर घेतल्या, द्यायच्याही सगळ्यांसमोर. निरोपाने दिलेली अब्रू मी घरी नेणार नाही. आणि साफ हा शब्द मी पुन्हा लिहिणार नाही. तो डबा मी पुसला, दांडी काढली. उद्या तो दुसऱ्या कशातून येईल. तुमच्या फोनमधून येईल, वजनकाट्यातून येईल, आज ज्याला संगणक म्हणत नाही अशा कशातूनही येईल. व्यापाऱ्यांना खरं लिहा. लिहा की आम्हाला लुटलं, कसं लुटलं ते आम्ही शोधलं, आणि आमची बाई रोज शोधत राहणार आहे. एवढ्यावर ज्यांना आपल्याकडे रंगवायचंय ते रंगवतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर दुसरी वायरबाई बघा. ती पहिल्याच दिवशी तुम्हाला साफ लिहून देईल."

मालकीणबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जवळ उभे असलेले मामा हळूच दोन पावलं मागे सरले. मग त्या उठल्या, त्यांनी खणातून नमुनाखोलीच्या किल्ल्या काढल्या आणि विचारलं, "मास्तर घरी आहेत ना? गाडी काढायला सांग. मीच जाते आणायला."

रंगखात्यात त्या बोलल्या ते थोडंच होतं. चूक माझी होती, मास्तरांची नव्हती, आणि ती मी तुमच्यासमोर केली म्हणून तुमच्यासमोर सांगते. एवढं बोलून त्यांनी किल्ल्या पुढे केल्या. मास्तरांनी त्या घेतल्या, कमरेला अडकवल्या आणि ते ओरडले की तिसऱ्या हौदाची वाफ वाया चालली आहे, तिकडे कोणाचं लक्ष आहे का. कामगार पांगले. आपल्या मास्तरांचं एवढं गोड बोलणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सासरा आणि सून पायीच घरी निघाली.

"सूनबाई, एक विचारू?" मास्तर म्हणाले. "त्या सापळ्यात एक तुकडा माझ्या नावाचाही होता?"

"होता."

"आणि कधी वाटलं, म्हातारा चोर असेल?"

खोटं बोलणं सोपं होतं. रस्त्यावर वर्दळ होती, तिला ऐकू आलं नाही असंही दाखवता आलं असतं.

"एक दुपार वाटलं, बाबा."

मास्तर थांबले. तिला वाटलं, आता हा माणूस आपल्याशी जन्मभर बोलणार नाही. त्यांनी हातातली पिशवी तिच्याकडे दिली आणि चपलेचा पट्टा नीट केला.

"बरं झालं," ते म्हणाले. "माझ्यावर संशय न घेताच सोडवलं असतंस, तर लोक म्हणाले असते, सून होती म्हणून सुटला. आता मी सच्चा होतो म्हणून सुटलो." त्यांनी पिशवी परत घेतली. "पण पुढच्या वेळी विचारायला येशील तेव्हा फौजदार म्हणूनच ये. दोन्ही म्हणालीस ना, ते लागलं मला."

"येईन," ती म्हणाली, आणि सासऱ्यांच्या बरोबरीने चालू लागली.